शर्टांच्या बदल्यात आलेलं पातेलं

सानिका, ओम,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ओम म्हणाला, "आजी, ते पोचे आलेलं पातेलं टाकून दे ना, मी नवं पाठवतो." तेवढ्यात दूध वर आलं आणि उत्तर राहून गेलं. नलूमावशीला जाऊन महिना होत आला. त्या पातेल्याची गोष्ट आम्हा दोघींनाच ठाऊक होती. आता माझ्या एकटीकडे उरली, म्हणून लिहून ठेवते.

त्या सकाळी ती चहाला आली नाही. मी तिचा कप काढून ठेवला होता... आणि खालच्या मजल्यावरून तिच्या मुलीचा, मंजिरीचा, फोन आला. झोपेतच गेली.

नलू कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. तिचं शास्त्र आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्येच चालायचं. कुणाच्या घरी टीव्ही आला, कुणी सोफा बदलला, याचं तिला फारसं कौतुक नसे. "घरात काय येतं ते सगळे बघतात गं. घरातून काय जात नाही, ते बघावं," म्हणायची. तुमचे आजोबा गेल्यावर माझ्या घरातून त्यांचे शर्ट जात नव्हते. मला पसारा खपत नाही, हे तुम्ही जाणता. पण ते शर्ट मी दर दिवाळीला उन्हात घालायची, इस्त्री करायची आणि पुन्हा त्याच खणात ठेवायची. एकदा नलू दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कपाट आवरतेस की पूजा करतेस?"

मग एका दुपारी ती बोहारणीलाच वर घेऊन आली. जुने कपडे घेऊन बदल्यात भांडी देणारी ही बाई टोपली घेऊन आमच्या हॉलमध्ये बसली. मी चिडले. "विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस," म्हणत नलूने खण उघडला.

बोहारणीने एकेक शर्ट उलटून बघितला. "कॉलर घासलीय बाई. डबा देते छोटा."

"घासणारच! जन्मभर बँकेत मान खाली घालून काम केलंय त्यांनी. त्या मानेचा मान ठेव जरा. पातेलं काढ, ते जाड बुडाचं."

"मग साडी टाका वर एखादी. चांगली."

मी कपाटाकडे वळणार, तोच नलू खाली गेली आणि तिची निळी नारायणपेठ घेऊन आली, कॉलेजात समारंभाला नेसायची ती. शर्टांवर टाकली. मी हात धरला, तर म्हणाली, "राहू दे गं. भाऊजींना सोबत."

दुसऱ्या दिवशी चहाला आली, तेव्हा त्या पातेल्यात दूध वर येत होतं. "तापले वाटतं भाऊजी!" नलू म्हणाली. "जन्मात कधी तापले नाहीत, आता रोज तापणार." आजोबा गेल्यानंतर मी मोठ्याने हसले, ते त्या दिवशी. पुढे रोज सकाळी झाकण उचलून ती त्यांची चौकशी करायची.

गेल्या आठवड्यात मंजिरीने नलूच्या साड्या मोबाइलवरून माणूस बोलावून देऊन टाकल्या. पोती भरून गेली, बदल्यात काही आलं नाही. त्याआधी तिने मला विचारलं होतं, "मावशी, आठवण म्हणून एखादी घ्या ना." मी म्हटलं, "तिची एक आहे माझ्याकडे."

तेव्हा ओम, नवं पाठवू नकोस. पातेल्याला पोचे आलेत, एक कान सैल झालाय. पण बूड जाड आहे. दूध अजून लागत नाही.