गेमसाठी केलेली जागा
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वितळणाऱ्या कथिलाचा उग्र वास आला, की माझं मस्तक आजही तापतं. आष्टीच्या बाजारातल्या अशाच एका दुकानात, भाजणाऱ्या पत्र्याखाली, मी मावशीसोबत उभी होते. मावशीला अक्षरओळख नव्हती. पण उसाच्या फडात मोळ्या बांधताना तिला ओव्या सुचत आणि रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दाबून ती त्या फोनमध्ये गाऊन ठेवी. तेवढं एकच ॲप तिला येई, तेवढंच तिच्या जिवाचं. हंगाम संपल्यावर त्या ओव्या मी लिहून घेणार होते, आणि आता त्यांतली एकही सापडत नव्हती. दुकानदार म्हणाला, “कुनीतरी पुसलंय, मावशी.” मागे उभा असलेला तिचा मुलगा सहज बोलला, “म्याच पुसलं. गेम बसंना. लई जागा खाल्ली व्हती हिच्या रडगाण्यानं.” दुकानदार फिदीफिदी हसला. मी कडाडले, “तिला विचारलंस का?” “अगं ताई, तिच्याच तोंडचं हाय, परत म्हनंल की!” मावशीने डोळे मिटले. पहिली ओळ आली, मग पुन्हा तीच; पुढची येईना. “फोनात हायेत म्हनून म्या ध्यानात ठिवल्याच न्हाईत गं,” ती पुटपुटली. आज मातृदिन. त्याच मुलाने सकाळी स्टेटस ठेवलं आहे: मावशीचा हसरा फोटो, भोवती फुलं, आणि मागे कुणा परक्या बाईच्या गोड गळ्यातलं आईचं गाणं.