पंख्याला हाक

विरारच्या एका टॉवरच्या सोसायटी ऑफिसात दर रविवारी आमचा हौशी प्रोग्रॅमरांचा ग्रुप जमायचा. ग्रुप म्हणजे एसी, कॉफी आणि एकमेकांची पाठ थोपटणं. प्रत्येकाने लॅपटॉपला "लाइट्स ऑन" एवढंच शिकवलेलं, आणि बल्ब पेटला की टाळ्या. बटण हाताशी असताना! मला त्या सगळ्यांचा तिटकारा यायचा. तरी जायचे, कारण गरज होती.

चिंचोटीजवळच्या आमच्या गावात माझे वडील खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडले होते. घरात आम्ही दोघंच. साधा पंखा लावायचा तरी मला हाक मारावी लागे. जन्मभर भातशेती एकट्याने ओढलेल्या माणसाला त्याची लाज वाटायची. एकदा घामाने निथळत पडून राहिले, पण हाक मारली नाही. त्याच दिवशी मी ठरवलं, पंखा यांचं ऐकेल असं करायचं.

प्रोग्रॅम काही दिव्य नव्हता. माणसाच्या आवाजाचे नमुने साठवायचे, नवा आवाज त्यांच्याशी ताडून बघायचा, पुरेसा जुळला की स्विच चालू. नमुन्यांसाठी मी फोन समोर धरला आणि वडील उशीला टेकून ताठ झाले. गावच्या क्रिकेटच्या सामन्यांत, नवरात्रात माईक कायम त्यांच्याच हातात. खाकरून, पोटातून आवाज काढून म्हणाले, "पंखा चालू करण्यात यावा!" पुन्हा पुन्हा तेच, त्याच थाटात. आमच्याकडे माईक दिसला की कुणी घरच्यासारखं बोलत नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. ग्रुपचा म्होरक्या ऐकून खूश. "एकदम क्लीन डेटा!"

घरी पंखा ढिम्म. दुपारी पडल्या पडल्या वडील पुटपुटायचे, "पंखा लाव गं," आणि यंत्र मख्ख. मग ते माईकचा आवाज लावायचे, पंखा फिरायचा, आणि शेजारीण ओट्यावरून विचारायची, "काका, आज कसला कार्यक्रम हाय?" त्यानंतर ते यंत्राशी बोलेनात; पुन्हा नाइलाजाने मलाच हाक.

रविवारी मी हे ग्रुपमध्ये सांगितलं. म्होरक्या कॉफी ढवळत म्हणाला, "बाबांना जरा स्पष्ट बोलायला शिकव ना. यूजर ट्रेनिंग."

"खाटेवरच्या म्हाताऱ्याने भाषण दिल्यावरच पंखा लागणार असेल, तर तुमचा क्लीन डेटा चुलीत घाला," म्हटलं आणि लॅपटॉप उचलून निघाले. घरी येऊन ते सगळे नमुने पुसून टाकले.

मग फोन खाटेखाली ठेवला. वडिलांना म्हटलं, हा इथेच राहील, विसरून जा. त्यांचं बोलणं, खोकणं, माझ्यावर करवादणं, सगळं त्यात भरत गेलं. त्यातून पंख्यासाठी मला मारलेल्या हाका वेचून काढल्या आणि त्याच नमुने म्हणून भरल्या. रेंगाळलेल्या, अर्ध्या गिळलेल्या. ग्रुपने नाकं मुरडली असती.

एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पंखा लाव गं." मी दारातच होते. मी हलायच्या आत पंखा फिरला. "बंद कर." बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. मग मान वळवली, तर मी दिसले.

"उभी का? जा, तुजं काम कर. आता तुजी गरज नाय."

इतके खूश होते की रागावताही येईना. मी माझ्या खोलीत जाऊन बसले. भिंतीपलीकडून हाक येत होती, मलाच मारायचे तशीच, आणि आता मी उठायची गरज नव्हती.