ओल्या प्लास्टिकवर धरणारा गम

मला सांगा राव, काही चिकटत नसेल तर भरवसा कुणावर ठेवाल? गमवाल्यावरच ना? अहो, मीही तेच केलं! स्वतःवरच ठेवला, आणि थेट बंगळूरला जाऊन माती खाल्ली.

पिंपरी कॅम्पात माझं गम-सोल्यूशनचं दुकान. चाकणच्या कंपन्यांना रबर चिकटवायचं असो की काच, माल आमच्याकडून जातो. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं डब्यांवरची लेबलं वाचून शिकलो. लेक शबाना मात्र बंगळूरच्या प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करते. दोन ईद झाल्या, घरी नाही. तिची अम्मी शिरखुर्म्याची एक वाटी झाकून ठेवते, आणि संध्याकाळी ती मुकाट्यानं मलाच संपवावी लागते.

यंदा ईदच्या आधी शबाना फोनवर म्हणाली, "अब्बा, पेशी प्रयोगाच्या बशीला चिकटतच नाहीयेत. सुटतात, तरंगतात, मरतात. हे जमल्याशिवाय घरी कशी येऊ?"

चिकटत नाहीत? एवढंच? मी गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारलं, "बशी कसली?"

"प्लास्टिकची."

"ओल?"

"अब्बा, पाण्यातच असतात त्या!"

म्हटलं, थांब, आलोच. ओल्या प्लास्टिकवर धरणारा माल आहे आपल्याकडे! चार दिवसांनी तिकीट मिळालं, तशी ट्यूब खिशात टाकली आणि गाडी पकडली.

आमच्या धंद्याचा रिवाज असा, की माल लावून दाखवल्याशिवाय बोलायचं नाही. तिच्या प्रयोगशाळेत हट्टानं पेशींची एक टाकून द्यायची बशी मागून घेतली, थेंब सोडला. जेवून आल्यावर शबानानं ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"चिकटल्या?" मी ऐटीत.

"चिकटल्या, अब्बा. मेल्या पण."

मग तिनं स्वतःची बशी दाखवली. त्यातल्या पेशी हातपाय पसरून कशा ऐसपैस बसलेल्या!

"या कुणी चिकटवल्या?"

"कुणी नाही. पेशीच्या अंगावर प्रथिनांचे हात असतात. शरीरात पेशीबाहेर धाग्यांची जाळी असते, त्या जाळीला हे हात ओळखून धरतात. नुसतं धरत नाहीत, आत निरोप देतात, की पकड मिळाली, आता जग. तो निरोप आला नाही, तर समोर अन्न असूनही पेशी मरते. बशीला त्या धाग्यांचा लेप देतो आम्ही. माझा लेपच खराब निघाला होता. परवा नवा दिला."

"परवा? म्हणजे मी निघायच्या आधीच जमलं होतं?"

"व्हय," ती माझ्या आईच्या बोलीत म्हणाली आणि मान खाली घातली. "पण सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का?"

राव, मी ट्यूब परत खिशात टाकली. विचारलं, "मग आता ईदला घरी?"

"अब्बा, आता तर चिकटल्यात! आता यांना एक दिवस सोडता येत नाही."

घ्या! ज्या पेशी चिकटाव्यात म्हणून मी रोज पाच वेळा दुआ मागत होतो, त्यांनीच माझी पोर धरून ठेवली. आणि मी, आयुष्यभर चिकटवण्याचा धंदा करणारा, रिकाम्या हातानं गाडीत बसलो!

हा किस्सा पुढं कुणाला सांगाल, तर हिशेब तेवढा चोख ठेवा. जगल्या त्या पोरीच्या हुशारीनं. मेल्या तेवढ्या माझ्या नावावर मांडा.