ईश्वर गजभियेचे मुरमाचे रस्ते

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात सायकल ही गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवायची वस्तू आहे. घर घेतलं की पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक मराठी माणूस एक सायकल घेतो, हेल्मेट घालून दोन फोटो काढतो, ते पुण्याला किंवा नागपूरला ईमेल करतो आणि मग सायकल टांगून टाकतो. माझीही टांगलेली आहे. ईश्वर गजभियेची मात्र दाराबाहेर उभी असायची आणि तिच्या मडगार्डला खरा चिखल असायचा. त्यामुळे आमच्यात त्याला थोडं चक्रम समजत.

ईश्वर उमरेडजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील बांधकाम खात्याच्या रस्त्याच्या गँगमध्ये मजूर होते. मुरूम पसरायचा, खडी अंथरायची, पाणी मारायचं, रोलरमागे चालायचं. कॉलेजसाठी ईश्वर रोज बारा किलोमीटर त्याच रस्त्यांवरून सायकल मारत जायचा. कोणता मुरूम पावसात दबून बसतो आणि कोणता वाहून जातो, हे त्याला रंगावरून कळायचं. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये या ज्ञानाचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून त्याने ते फ्रान्सवर वापरायला घेतलं.

फ्रान्सच का, याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत येण्याआधी, नव्याण्णव साली, कंपनीने त्याला सहा आठवडे लिऑनला पाठवलं होतं. तिथे त्याने ऑफिस, हॉटेल आणि ऑफिसची बस एवढंच पाहिलं. एकदा बसच्या खिडकीतून शेतांमधून जाणारा एक पांढरा कच्चा रस्ता दिसला आणि त्यावर सायकलवरून सावकाश चाललेला एक म्हातारा. ईश्वर मला म्हणाला होता, आमच्याकडे मुरमाच्या रस्त्यावर सायकलने जाणारा माणूस म्हणजे ज्याला एसटी परवडत नाही तो. हा म्हातारा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून मजेत चालला होता. ईश्वरला बसमधून उतरून त्याच्यामागे जावंसं वाटलं. बस थांबली नाही.

दोन हजार एकमध्ये त्याची ग्रीनकार्डची फाइल लागली, आणि फ्रान्स बंद झाला. आधीचा व्हिसा संपलेला. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नवा शिक्का घ्यायचा, आणि तो मिळेलच असं सांगायला वकील तयार नव्हता. अत्यावश्यक असेल तरच जा, असं तो दरवर्षी सांगायचा. मुरमावर सायकल चालवणं अत्यावश्यक आहे, हे कोणत्या फॉर्मवर लिहिणार?

मग ईश्वरने घरबसल्या रस्ते शोधायला सुरुवात केली. फ्रान्सहून मोठमोठे नकाशे मागवले, ज्यात एकेक विहीर आणि एकेक गोठा दाखवलेला असतो. पुढे कॉम्प्युटरवर उपग्रहाची चित्रं दिसायला लागली, तेव्हा तर त्याचे शनिवार-रविवार गेलेच. रत्ना, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की आमच्याकडे जेवायला आलात तर टेबलावर पसरलेला फ्रान्सचा बर्गंडी प्रांत आवरून मगच ताटं मांडावी लागतात. चार वर्षांत त्याने सहा दिवसांचा, चारशे बारा किलोमीटरचा एक रस्ता बांधला. शेतांच्या बांधावरून, द्राक्षांच्या मळ्यांमागून, डांबर जवळजवळ कुठेच नाही. प्रत्येक वळणाचं अंतर मीटरसकट एका जाड फाइलमध्ये लिहिलं. मी ती चाळली आणि म्हणालो, तू न पाहिलेल्या रस्त्यांवर लोकांना डावी-उजवीकडे वळवतोयस. तो म्हणाला, आपण नोकरीत दुसरं काय करतो.

आता सुशांतविषयी. सुशांत धारप आमच्या दोघांचा मॅनेजर, अमेरिकन नागरिक, दिलदार माणूस. ग्रीनकार्डच्या फाइलमध्ये जी जी पत्रं लागतात त्यांवर सही त्याची. नोकरी गेली तर फाइल गेली आणि रांगेत पुन्हा शेवटी उभं राहायचं, त्यामुळे सुशांतचे विनोद आम्हाला फार आवडायचे. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्याने सायकलिंगचं मनावर घेतलं, ईश्वरकडून ती फाइल नेली आणि फ्रान्सला जाऊन आला.

त्या वर्षी गणेशोत्सवात, शाळेच्या कॅफेटेरियात, आमच्या मराठी मंडळाने सुशांतचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि स्लाइड शो. ईश्वर गणपतीपुढे हात जोडत नाही, पण मंडळाचा प्रोजेक्टर त्याच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही, त्यामुळे त्याला दरवर्षी मानाने बोलावत. तो कोपऱ्यात स्टुलावर बसून बटण दाबत होता. मी शेजारी वायर सांभाळत होतो.

सुशांत "मी शोधलेला रस्ता" असं दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याला आठवलं आणि ईश्वरकडे हात करून तो म्हणाला, मदत या आमच्या साहेबांची. मग तिसऱ्या दिवसाची स्लाइड आली. फाइलीत लिहिलं होतं की गाव सोडल्यापासून अकरा पूर्णांक चारवर कपडे धुण्याचा घाट लागेल, दगडी हौद, वर कौलारू छप्पर, त्याच्या मागून डावीकडे पांढरा रस्ता. सुशांतने आपल्या सायकलच्या मीटरचा फोटो दाखवला. अकरा पूर्णांक चार, बरोबर. आणि पुढचा फोटो, डुकरांचा गोठा.

"आमचे ईश्वरराव घरी बसून फ्रान्स बनवतात ना, त्यात कधीकधी डुकरं येतात," सुशांत म्हणाला.

दीडशे माणसं हसली. मीही हसलो, चांगला मोठ्याने हसलो.

पण पडद्यावर मीटर दोन हात उंच दिसत होता आणि आकड्याच्या कोपऱ्यात दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती. तो मैल दाखवत होता. दुसऱ्या दिवशी रात्री मीटरचा सेल बदलल्याचं सुशांतनेच आधीच्या स्लाइडला सांगितलं होतं; त्यात मीटर जुनं सगळं पुसून आपल्या मूळ अमेरिकन सवयीवर गेला होता. ईश्वरने अंतरं किलोमीटरमध्ये लिहिली होती, फ्रान्समध्ये लिहितात तशी. सुशांत धुण्याच्या घाटाशेजारून गेला आणि सात किलोमीटर पुढे जाऊन डुकरांना भेटला.

"मीटर मैलात आहे ना बे," ईश्वर माझ्या कानाशी म्हणाला. "पाहिलंस?"

मी म्हणालो, पाहिलं. त्याने क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि पुढच्या स्लाइडचं बटण दाबलं.

रत्नाने मला नंतर सांगितलं की त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली. मैलांचं ठीक आहे, पण घाट खरंच तिथे नसेल तर? नकाशा जुना असेल तर? वडिलांनी आयुष्यात एकही रस्ता चुकीचा बांधला नव्हता आणि आपल्या नावावर डुकरांचा गोठा लागला, हे त्याला खुपत होतं. लोक मात्र विसरले नाहीत. मंडळात कुणी पत्ता सांगायला लागलं की "ईश्वरच्या अंतराने की खऱ्या अंतराने?" असा विनोद पुढे दोन वर्षं चालला. त्या विनोदावरही मी हसत होतो.

दोन हजार सातच्या शेवटी त्याचं कार्ड आलं. दोन महिन्यांत त्याने नोकरी बदलली आणि जूनमध्ये सायकल पेटीत भरून एकटा फ्रान्सला गेला. मला त्याने एक पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर फक्त आकडा होता, अकरा पूर्णांक चार.

दिवाळीच्या कार्यक्रमात त्याला दहा मिनिटं दिली होती, फराळाआधी, लोक ताटांकडे बघत असताना. शाल नव्हती. प्रोजेक्टर त्यानेच लावला, पण बोलायचंही त्यालाच होतं, म्हणून बटण माझ्याकडे दिलं. त्याने एकच फोटो जास्त वेळ ठेवायला सांगितला. दगडी हौद, कौलारू छप्पर, मागून डावीकडे जाणारा पांढरा रस्ता, आणि हौदाच्या कडेला टेकवलेली चिखलाची सायकल.

सुशांत पहिल्या रांगेतून म्हणाला, "अरे वा. नवीन बांधलेला दिसतोय."

लोक हसले. ईश्वरने शांतपणे हौदाच्या दगडावर बोट ठेवलं. तिथे अठराशे सत्तेचाळीस कोरलेलं होतं. सुशांत म्हणाला, असेल बुवा, पण माझा मीटर तर अकरा पूर्णांक चारच दाखवत होता, सगळ्यांनी फोटो पाहिलाय.

"तो मैल दाखवत होता," ईश्वर म्हणाला. दोन वर्षं ठेवून दिलेलं वाक्य, आवाज जरासुद्धा न चढवता. मग तो माझ्याकडे वळला. "नंदू, तू होतास ना माझ्याजवळ? तू पाहिलं होतंस."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सुशांतचीही. तेव्हा ऑफिसात लेऑफच्या याद्या बनत होत्या आणि त्या सुशांत बनवत होता. बुधवारीच मी त्याच्या टेबलावर माझ्या फाइलचं एक पत्र सहीसाठी ठेवून आलो होतो. या गोष्टीत इतका वेळ मी सगळ्यांना नावं ठेवली, तेव्हा हेही सांगून टाकायला हवं.

"मला नाही आठवत यार," मी म्हणालो.

सुशांतने हात झटकून "चला, चकल्या थंड होतायत" असं म्हटलं आणि खुर्च्या सरकल्या. चकली थंडच असते, पण या विनोदावरही हसलो ते मीच.

नंतर मी आणि ईश्वर प्रोजेक्टर गुंडाळत होतो. माझी मान वर होत नव्हती. तो रागावला असता तर बरं झालं असतं, निदान मला काही उत्तर देता आलं असतं.

"तुझी फाइल कधी लागली?" त्याने विचारलं.

"दोन हजार चार. ऑक्टोबर."

त्याने मनाशी माझी उरलेली वर्षं मोजली.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि वायरचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.