मूठभर युरिया

ओल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, तो उबदार, किंचित आंबूस गंध! भाऊ गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात करडी गावातले आमचे सारे घर त्या गंधाने भरले होते. भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मी बियाणे आणून दिले, आणि वहिनीने गोठ्याच्या कोपऱ्यात अळिंबीचे थर रचले. तिला लाखनीला, माहेरी न्यायचे तिच्या दादाने ठरवले होते. "मले इतंच राहू द्या, माह्यापुरतं मी कमावीन," एवढेच तिचे म्हणणे. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांत अळिंबीला गिऱ्हाईक होते. तिचे या घरातले राहणे त्या थरांवर अवलंबून होते.

अळिंबी म्हणजे बुरशीच; तिचे जगणे किती परस्वाधीन! भोवतीच्या हवेत नत्राचा अथांग साठा, पण त्यातला कणही तिला घेता येत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या देहातून, विरघळवून, सावकाश मिळवावा लागतो. तणसात तो थोडाच. म्हणून थरांवर बेसन भुरभुरायचे. डाळीतले प्रथिन फोडत ती हळूहळू वाढते. घाई तिला सोसत नाही. दुःखात बुडालेल्या माणसाला तरी कुठे सोसते?

बाबांना हे कसे कळावे? सुनेशी सासऱ्याने बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. ती त्यांनी कसोशीने पाळलेली. पण नव्याने आलेल्या युरियाने धान बघता बघता हिरवेगार झालेले त्यांनी पाहिले होते. एका सकाळी, घरात कुणी नसताना, त्यांनी मूठभर युरिया थरांवर फेकला. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा भपकारा उठला. अळिंबीचे पांढरे तंतू मेले, आणि चार-पाच दिवसांनी, ज्यांना तोच तिखट नत्र मानवतो त्या रानटी छत्र्या उगवल्या. उगवल्या दिवशीच दुपारपर्यंत त्याही काळ्या शाईसारख्या ओघळून गेल्या. असे कशाने झाले, तेव्हा वहिनीला नि मला कळेना.

त्याच आठवड्यात तिचा दादा आला. ते काळे ओघळ पाहून म्हणाला, "चाल बाई, आता इतं काय ठेवलं हाये?" वहिनी ट्रंक भरू लागली.

तेव्हा बाबा खाटेवरून उठले आणि तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"काहून जातं पोरी? धानाले टाकतो तसा म्याच युरिया टाकला. तुह्यं लवकर वाढावं म्हनून. पुन्हा लाव, बेसन मी दळून आनतो."

वहिनीने डोक्यावरून घसरलेला पदर सावरला नाही. भाऊ गेल्यापासून न रडलेली ती, ओक्साबोक्शी रडली. ती लग्न होऊन आल्यापासून बाबा तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.