कुठल्या सालचे तुम्ही?

घानातल्या आव्हेमे गावच्या शाळेच्या फाटकातून कुणी जुना माणूस आत आला की त्याला नाव नंतर विचारतात, साल आधी. "कुठल्या सालचे तुम्ही?" म्हणजे इथून शेवटची परीक्षा कुठल्या साली दिलीत. एकदा साल कळलं की पंचाहत्तरवाला ऐंशीवाल्याला खुशाल टपली मारतो आणि ऐंशीवाला निमूटपणे त्याची पिशवी उचलतो, मग तो टोरांटोत मोठा सर्जन का असेना. साल नसलेला माणूस इथे एक तर पाहुणा, नाहीतर नोकर.

कोर्ब्ला जोकोतो नोकर होता. छत्तीस वर्षं प्रयोगशाळेचा मदतनीस, आणि आंब्याच्या झाडाला टांगलेली घंटाही त्याच्याकडेच. घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची जुनी लोखंडी रिंग. तिच्यावर गजाने ठोका मारायचा. लहानथोर सगळे त्याला एफो म्हणत, म्हणजे दादा. कुणी चुकून त्यालाही साल विचारलं तर तो म्हणे, "मी घंटेचा." लोक हसत, तोही हसे, आणि मग प्रयोगशाळेमागच्या आपल्या खोलीत जाऊन एकट्यापुरतं आक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, घोटी. बायको, आकुव्ही, जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. रविवारी शाळेला सुट्टी असली की सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलायला कुणी नसे. तरी सवयीने तो घंटा देई.

खरी गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. तो याच शाळेत तीन वर्षं शिकला होता. मामाने आणून घातलं, म्हणून मामाचंच आडनाव लागलं, आणि पाद्रीबाबांनी दिलेलं नाव पुढे: लायनस आमुझू. तिसऱ्या वर्षी मामा वारला आणि शिक्षण तिथेच थांबलं. मग नायजेरियात, लागोसला जाऊन विटा वाहिल्या. त्र्याऐंशी साली नायजेरियाने घानाच्या लोकांना रातोरात चालतं व्हायला सांगितलं, तेव्हा डोक्यावर बोचकं घेऊन तोही परतला. शाळेत कामाला लागला तेव्हा जन्माच्या कागदावर होतं तेच नाव दिलं, बापाचं. जुने मास्तर कधीच पांगले होते. ओळखणारं कुणी नव्हतं. आणि ओळख सांगायची तरी कशी? सोबतचे परीक्षा देऊन कुठल्या कुठे गेलेले, आणि हा त्यांच्याच बाकांखालचा केर काढतोय. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

त्याचा वर्ग एकोणऐंशीचा झाला असता. आणि नेमके एकोणऐंशीवालेच चाळिसाव्या वर्षी शाळेला नवी प्रयोगशाळा बांधून देणार होते. ह्यूस्टन, हॅम्बर्ग, टोरांटो, सगळीकडून मदत जमली, भिंती उभ्या राहिल्या. यंत्रांची यादी करायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापिका टामाक्लो मॅडमनी फोनच एफोच्या हातात दिला. "ह्यूस्टनहून इंजिनिअर क्लुत्से आहेत. मला त्यातलं काय कळतंय? तुम्हीच बोला."

गॉड्सवे क्लुत्से! तीन वर्षं एका बाकावर बसलेला, एका डब्यात गारी, कसाव्याचा भाजका रवा, भिजवून दोघांनी खाल्लेली. आवाज जाड झाला होता, पण "हॅलो" म्हणण्याआधी घसा खाकरायची खोड तीच होती.

"एफो, सूक्ष्मदर्शक, तराजू, सगळं पेट्यांत भरलंय. पुढच्या बोटीने निघेल."

"साहेब, एक विचारू? तिथल्या दुकानातलं आहे का?"

"मग काय! एकदम कोरं."

"मग थांबवा. तिथली वीज निम्म्या दाबाची. इथल्या भिंतीत खुपसलं की पहिल्याच दिवशी धूर. अठ्ठ्याऐंशीवाल्यांनी असाच एक पंखा पाठवला होता. फीत कापली आणि पाहुण्यांच्या देखत जळाला."

पलीकडून मोठं हसू. "अरे देवा! इथे आम्ही अकरा इंजिनिअर, अकराही गाढव! एफो, आमच्या वेळी तुमच्यासारखा माणूस असता ना तर कुठल्या कुठे गेलो असतो."

"तसे बरेच लांब गेलात, साहेब," एफो म्हणाला.

त्यानंतर दर शनिवारी फोन येऊ लागला. कोणती नळी, किती बर्नर, आम्ल कुठे ठेवायचं. एफो शनिवारची वाट बघू लागला. दाढी करून फोनजवळ बसायचा. फोनवर दाढी दिसत नाही हे त्यालाही कळत होतं. प्रत्येक वेळी ओठावर येई, "गॉड्सवे, अरे मी लायनस," आणि प्रत्येक वेळी तो बर्नरबद्दल बोले. शेवटी त्याने ठरवून टाकलं. उद्घाटनाच्या दिवशीच सांगायचं, आणि तोंडाने नाही. शाळेची रीतच होती: एकेक साल पुकारतात आणि त्या सालाचे लोक उठून उभे राहतात. एकोणऐंशी पुकारलं की हातातला गज खाली ठेवायचा, चालत जायचं आणि त्यांच्या रांगेत उभं राहायचं. बस्स. आयुष्यात एकदा सालात उभं राहायचं.

त्या सालाने स्वतःसाठी कापड छापून घेतलं होतं, निळ्यावर पांढरे आकडे. संगमरवरी पाटी आक्राहून कागदात गुंडाळून आली, गवंड्याने ती कागदासकट भिंतीत बसवली. वरून पडदा घालायला मॅडमनी एफोला त्याच कापडाचे दोन वार दिले. पडद्याला अर्धा वार पुरला. उरलेलं घेऊन तो शिंप्याकडे गेला.

"एफो, हे एकोणऐंशीवाल्यांचं ना? तुम्हाला कसं?" शिंपी म्हणाला.

"तू बाही माप. चौकशा कसल्या करतोस?"

उद्घाटनाच्या सकाळी त्याने तो सदरा घातला आणि वर खाकी कोट गळ्यापर्यंत बंद केला. मांडवात चारशे मुलं आणि पुढे चौदा जण निळ्या कापडात, पोट सुटलेले, टक्कल पडलेले, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालणारे. गॉड्सवेला त्याने चालीवरून ओळखलं. त्याने मात्र एफोचा हात हातात घेऊन म्हटलं, "हाच तो आमचा शनिवारचा माणूस!" आणि पुढच्याकडे वळला. एफोला वाईट वाटलं नाही. घटकाभराचाच तर प्रश्न होता.

सुरुवात वारलेल्यांच्या नावांनी. तीही रीत: नाव वाचायचं, घंटेचा एक ठोका, मग पुढचं. एफो गज घेऊन आंब्याखाली उभा राहिला. गॉड्सवे वाचू लागला. चार नावं झाली, चार ठोके झाले. प्रत्येक चेहरा एफोच्या डोळ्यांपुढून गेला. मग गॉड्सवेने कागद घडी करून खिशात ठेवला.

"पाचवं नाव मला वाचावं लागत नाही," तो म्हणाला. "लायनस आमुझू."

एफोच्या हातातला गज हलला नाही.

"लायनस माझ्या बाकावर बसायचा. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता, तेव्हा या पोराने जळका बल्ब पोकळ केला, पाणी भरलं आणि मला मुंगीचे पाय मोजायला लावले. मी इंजिनिअर झालो तो त्या दिवशी. त्र्याऐंशी साली लागोसहून परतताना त्याचा ट्रक उलटला. आम्हाला कळलं तेव्हा माती देऊनही झाली होती. मित्रांनो, या कामाचं कधी अडलं की मी सगळ्यांना लायनसची आठवण करून द्यायचो. तो असता तर आपल्या सगळ्यांच्या पुढे गेला असता. ही प्रयोगशाळा त्याची आहे." त्याने डोळ्यांना रुमाल लावला.

ट्रक उलटला होता हे खरं. लायनसला त्यात जागा मिळाली नव्हती, म्हणून तो पायी आला होता, एवढंच.

चौदाही जण उठले. मग मॅडम, मग मास्तर, मग चारशे मुलं. सगळा मांडव त्याच्यासाठी उभा राहिला आणि ठोक्याची वाट बघू लागला. "हजर" हा शब्द एफोच्या जिभेवर आला होता. कोटाचं वरचं बटण त्याने सोडलंही होतं. पण समोर गॉड्सवे लहान मुलासारखा रडत होता, आणि ज्याच्यासाठी रडत होता तो सगळ्यांच्या पुढे गेलेला होता. त्याला बाजूला सारून तिथे कुणाला उभं करायचं? आम्लाने भोकं पडलेल्या कोटातल्या सत्तावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याला? त्याची छाती झाली नाही. फार एकटं वाटलं त्याला, आकुव्ही गेली त्या दिवसापेक्षाही एकटं.

मॅडमनी लांबून हात हलवला. एफो, ठोका.

त्याने ठोका दिला. आधीच्या चारांपेक्षा जोरात बसला. आंब्यावरचे कावळे उडाले.

त्यानंतर एकोणऐंशी पुकारलं गेलं, चौदा जणांनी आरोळी दिली, पडदा सरकला, आतला कागद निघाला, पाटीवर पाच नावं दिसली. एफोने बटण परत लावलं आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेला. निघताना गॉड्सवेने त्याला बाजूला घेतलं. "एफो, एक काम. ती पाटी जरा पुसत जा अधूनमधून. विशेषतः शेवटचं नाव."

"रोज पुसेन, साहेब."

"आणि शनिवारी आता फोन नाही करत तुम्हाला. खूप त्रास दिला."

"त्रास कसला," एफो म्हणाला. पुढे काही म्हणेपर्यंत गाडी सुरू झाली होती.

सोमवारी सकाळी तो पाटी पुसत होता. उकडत होतं म्हणून कोट खुंटीला होता. आक्राहून नुकत्याच बदलून आलेल्या पदार्थविज्ञानाच्या बाई, मिस येव्हू, किल्ली मागायला आल्या आणि त्याच्या निळ्या सदऱ्याकडे बघत राहिल्या.

"एफो, तुम्हीही इथलेच? मला कुणी बोललंच नाही. कुठल्या सालचे तुम्ही?"

त्याने फडकं पिळलं. शेवटच्या नावावरून एकदा फिरवलं.

"एकोणऐंशीचा."

"अय्या! मग परवा सगळे उभे राहिले तेव्हा तुम्ही त्यांच्यात का नव्हता?"

"मी उभा राहिलो असतो," एफो म्हणाला, "तर घंटा कुणी वाजवली असती, बाई?"