मातीची भाकरी

सुलीला तिच्या आजीने चावडीसमोर उभं केलं आणि तिच्या डोक्यावर अख्खी घागर ओतली. आधी गोमूत्र शिंपडलं, मग पाणी. सुली चार वर्षांची. पाणी नाकातोंडात जात होतं, आजीने दंड घट्ट धरला होता, आणि पोरगी किंचाळत होती. तो दुष्काळाचा उन्हाळा. टँकर एक दिवसाआड यायचा आणि आमच्या वस्तीतल्या बायका एका घागरीसाठी सकाळपासून ताटकळायच्या. ती घागर मातीत जिरून गेली. मी चावडीच्या पडवीत उभी राहून बघत होते.

सुलीचा गुन्हा एवढाच, की तिने माझ्या हातची भाकरी खाल्ली होती.

भाकरी मातीची होती.

मी त्या गावच्या, चावडीच्या पडवीत भरणाऱ्या बालवाडीची बाई. वय एकोणीस. घर भिंगारला, वडील लष्कराच्या बंगल्यांत माळीकाम करायचे. मी तीन वर्षांची असताना आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली. त्यामुळे जुनं काय ते मोठ्यांनी भोगलं, आपल्या वाट्याला ते नाही, अशी माझी समजूत होती. नगरला बालसेविकेचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा तर ती पक्कीच झाली. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, मूल खेळातून शिकतं. मुलाचा खेळ त्याच्यासाठी खराच असतो, तो मोडू नका. बोलावलं तरच आत जा, आणि पाहुण्यासारखं जा. हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

नेमणूक पाथर्डीकडच्या एका गावात झाली, राहायला गावाबाहेर आमच्या लोकांच्या वस्तीत खोली मिळाली. पहिल्याच दिवशी सरपंच हसत म्हणाले, "बाई, दुधाला तेवढा हात लावू नका. बाकी बालवाडी तुमचीच हाय." दूध म्हणजे सरकारी पावडरचं. ते कालवायला गावातली गंगूबाई ठेवली होती. वस्तीतल्या मुलांच्या पेल्यात ती वरून धार सोडायची. मी डब्याला हात लावला नाही. नवी नोकरी होती, घरी धाकटी भावंडं होती. कारणं शोधायला कुठे लांब जावं लागतं? पण आज सांगायचं तर लाज वाटते. पहिल्यांदा मान मी तिथे खाली घातली.

मनाची समजूत घातली, की दूध त्यांचं, खेळ माझा.

आणि खेळ खरंच छान चालायचा. चिंचोके होते, खापऱ्या होत्या, नाल्यातली चिकणमाती होती. सुली सरपंचांची पुतणी. पहिला महिनाभर तिने तोंड उघडलं नाही, खांबाला मिठी मारून बसायची. मग एक दिवस मातीची चूल मांडली आणि बोलायला लागली ती थांबेचना. चार भाकरी थापायची, चौघांना वाढायची. पाचवं कोणी आलं की प्रत्येकाच्या भाकरीतून एकेक तुकडा मोडून त्याला द्यायची. हे मी तिला शिकवलं नव्हतं. वस्तीतला बबन तिला करवंटीतून पाणी आणून द्यायचा आणि त्याच पाण्यात ती पीठ मळायची. मी एका बाजूला बसून बघायची आणि वाटायचं, मोठं झाल्यावरही हे यांच्यात राहील.

त्या दिवशी सुलीने मला पाहुणी केलं. "बाई, जेवा." मी पाहुण्यासारखी गेले. भाकरी घेतली, तोंडाने मच्‌मच् केलं. मग एक तुकडा मोडून तिच्या ओठांपाशी धरला. "आता तू जेव." तिनेही मच्‌मच् केलं आणि पोटावरून हात फिरवला.

पायरीशी तिची आजी उभी होती.

"कोनाच्या हातचं खातीस गं?"

मी हसले. "आजी, मातीची आहे. खोटी आहे."

"तुला खोटी. पोरीला खरीच हाय. खरी म्हनूनच खाल्ली तिनं."

वहीत दोन रेघा ओढलेलं वाक्य त्या बाईला न शिकता येत होतं. तिने सुलीला ओढत खाली नेलं, आणि पुढचं मी आधीच सांगितलं.

दुपारी सरपंचांनी बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाई, तुमी शिकलेल्या. म्हातारीच्या तोंडी कशाला लागता? पोरांना खेळू द्या, पन तुमी पायरीखाली बसत जावा. त्यात काय जातं तुमचं? न्हाईतर लोक पोरं धाडायची न्हाईत. बालवाडी बंद पडंल. मग तुमच्याच वस्तीतल्या पोरांचं दूध जाईल, बघा."

वस्तीतली आठ मुलं यायची. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. दिवसभरात पोटात जाणारं धड असं ते एक पेलाभर दूधच. मी मान खाली घातली. दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी पायरीखाली उन्हात बसले. वर मुलांनी चूल मांडली. सुलीने भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढल्या. मग पळसाचं एक पान घेऊन ती पायरीशी आली. पान खाली माझ्यापुढे ठेवलं. हात लांब केला आणि वरून भाकरी टाकली, शिवाशिव होणार नाही अशी. अगदी मन लावून.

"बाई, तुमी तितंच बसून खायाचं."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती खेळत होती.

बबन करवंटी घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "मी बी?" सुलीने जरा विचार केला आणि मान डोलावली. त्याने करवंटी खाली ठेवली, पायरी उतरला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि ओंजळ पुढे केली. सुलीने वरून पाणी ओतलं. एक थेंब सांडला नाही. बबन साडेचार वर्षांचा होता. ओंजळ कशी धरायची हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

सगळी मुलं हसत होती. खेळ रंगला होता. मला तेच सहन झालं नाही. आजीच्या घागरीने मी जेवढी हादरले नव्हते, सरपंचांच्या गोड बोलण्याने नाही, तेवढी त्या भरलेल्या ओंजळीने हादरले.

मी उठले. बबनचा हात धरला, पायरी चढले, त्याला चुलीपाशी बसवलं आणि शेजारी मांडी घातली.

"सुली, मला इथं वाढ. तिथं मी जेवणार नाही."

सुलीचा चेहरा उतरला. "आजी घागर वतंल," ती म्हणाली. हे मला कळत होतं. पोरगी थरथरत होती, तेही दिसत होतं. मी उठले असते तर तिची सुटका होती. मी उठले नाही. गंगूबाई दूध तसंच टाकून आजीला बोलवायला धावली. सुलीने पायाने चूल मोडली आणि रडत घरी पळाली. एका लेकराला मी त्या दिवशी घाबरवलं, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी गावातलं एकही मूल आलं नाही. वस्तीतली आठ आली. मी आठांना घेऊन चूल मांडली. दूध स्वतःच्या हाताने कालवलं, स्वतः वाढलं. तसे पंधरा दिवस गेले. मग तालुक्याहून कागद आला. मुलांची संख्या पुरेशी नाही, सबब बालवाडी बंद. पावडरचे डबे बैलगाडीतून परत गेले.

निघायच्या दिवशी बबनची आई भेटली. हाताला खडीच्या चिरा पडलेल्या. म्हणाली, "बाई, तुमी मानानं ऱ्हायलात. माझ्या पोराचं दूध गेलं. आमाला काय, खाली बसायची सवयच हाय." रागावली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं. पुढे बबनचं काय झालं मला माहीत नाही. चांगलं झालं असेल असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मूल खेळातून शिकतं. खरं आहे. एका दिवसात सुली वरून वाढायला शिकली आणि बबनने ओंजळ धरली. ते माझ्यासमोर शिकले, माझ्या बालवाडीत. दुधाला हात लावू नका म्हणाले त्या दिवशीच मी डब्यात हात घातला असता, तर निदान पहिला धडा वेगळा मिळाला असता. तो मी दिला नाही.

त्यानंतर कितीतरी जणांनी मला गोड आवाजात विचारलं, त्यात काय जातं तुमचं? काय जातं ते मी बघितलंय. पायरीखाली मी बसणार नाही. नोकरीसाठी नाही. दुधासाठी नाही. खेळातसुद्धा नाही.